वाचकांचे प्रश्न: ऑटिस्टिक पाहुणा आणि कोकणातला मुक्काम

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या पाहुण्यांची सोय कशी करावी, याबद्दल किनारपट्टीवरच्या निवासचालकांची, पालकांची आणि स्वतः ऑटिस्टिक असलेल्या वाचकांची पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ऑक्युपेशनल थेरपी आणि पर्यटन निवास या दोन क्षेत्रांत काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

आमच्या चार खोल्यांच्या घरगुती निवासात पुढच्या महिन्यात पुण्याचं एक कुटुंब चार दिवस राहायला येणार आहे. नऊ वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, फारसा बोलत नाही, असं त्याच्या आईने बुकिंग करतानाच सांगितलं. एका खोलीत कार्टूनची चित्रं रंगवून घ्यावीत, खेळणी आणावीत असं मनात आहे. आणखी काय करावं? — तारकर्ली

रंगकाम करू नका. ताज्या रंगाचा वास खोलीत कित्येक दिवस राहतो, आणि भरलेल्या भिंती पाहून अशा बऱ्याच मुलांच्या डोळ्यांना थकवा येतो. एकरंगी, फिक्या भिंतीची साधी खोली त्याला जास्त मानवेल. खेळणी तो स्वतःची आणेल, त्याला हवी तीच.

त्याऐवजी त्याच्या आईला फोन करा आणि अर्धा तास द्या. ‘काही स्पेशल लागेल का?’ असं विचारलंत तर ‘नाही, काही नको’ असंच उत्तर येईल, कारण त्रास द्यायचा नाही ही पालकांची सवय झालेली असते. नेमकं विचारा. कोणता आवाज त्याला सहन होत नाही? कोणता वास? तो बोलून सांगतो, हाताने ओढून नेतो की टॅबवरची चित्रं दाबून सांगतो? रात्री उठतो का? दार उघडून बाहेर जातो का? पाण्याची ओढ आहे का? कुत्र्या-मांजराला घाबरतो का? काय खातो, आणि ताटात कसं वाढलेलं चालतं? बिथरला तर घरी काय करता? उत्तरं लिहून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला, झाडलोट करणाऱ्या मावशींना आणि गाडीवाल्यालाही वाचून दाखवा.

मग फोटो काढा. दहा-बारा पुरेत, पण पाहुणा ज्या क्रमाने येणार त्याच क्रमाने: रस्त्यावरून दिसणारं बेडं (कुंपणाचं दार) किंवा गेट, अंगण, पडवी, खोलीचं दार, पलंग, खिडकीतून दिसतं ते, न्हाणीघर, कमोड, जेवायची जागा, स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा चेहरा, समुद्राकडे जाणारी वाट. फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर धरा. प्रत्येक फोटोखाली एक ओळ: ‘हे आपलं दार. इथे चपला काढायच्या.’ हे निघण्याच्या आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. आई रोज दाखवेल आणि मुलगा अर्धाअधिक ओळखीच्या जागी येईल. फोटो त्याच मोसमातले हवेत. मे महिन्यातलं तांबड्या मातीचं अंगण आणि जुलैतलं शेवाळलेलं अंगण त्याच्या लेखी एकच असेलच असं नाही.

खोली निवडताना समुद्राच्या देखाव्याचा मोह टाळा. तळमजल्यावरची, रांगेतली शेवटची, स्वयंपाकघर, पाण्याचा पंप आणि जनरेटर यांपासून लांबची खोली द्या. आणि एकदा सांगितलेली खोली बदलू नका. यजमान कौतुकाने ऐनवेळी ‘तुम्हाला वरची मोठी रूम दिली’ म्हणतात आणि आठवडाभर फोटो दाखवून केलेली सगळी तयारी तिथेच पाण्यात जाते. या पाहुण्याच्या बाबतीत तुम्ही जे सांगितलं ते तसंच असणं, याइतकी मोठी सोय दुसरी नाही.

येण्याच्या दिवशी ओळखपत्रं आधीच व्हॉट्सॲपवर मागवून रजिस्टर भरून ठेवा, म्हणजे ओटीवर ताटकळायला नको. औक्षण, कपाळाला गंध, हातात कोकम सरबत, गालगुच्चा, यातलं काहीही न विचारता करू नका. सात तासांचा प्रवास करून आलेल्या मुलाच्या तोंडासमोर पेटतं निरांजन ओवाळणं हे आपल्याला स्वागत वाटतं, त्याला तसं वाटेलच असं नाही. किल्ली द्या, खोली दाखवा आणि तासभर कोणी जाऊ नका.

माझ्या लॉजमध्ये एक कुटुंब आलं होतं. मुलगी रात्रभर रडली, कान दाबून बसली. आम्हाला तर काहीच आवाज येत नव्हता. असं का होतं, आणि खोली तपासायची कशी? — गणपतीपुळे परिसर

रोजच्या वावरात आपला मेंदू पंख्याची घरघर बाजूला टाकतो. अनेक ऑटिस्टिक माणसांचा मेंदू ते करत नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर, शेजारच्या खोलीतला फ्लश, दूरचा कुत्रा आणि आईचं बोलणं, सगळं एकाच जोराने आत येतं. वास, उजेड आणि स्पर्श यांचंही तसंच. काहींचं उलटं असतं: त्यांना जोरदार आवाज, घट्ट मिठी, गोल फिरणं हवंहवंसं वाटतं. म्हणून विचारल्याशिवाय कळत नाही.

तपासणी तुम्हीच करा. त्या खोलीत पहाटे पाचला, दुपारी दोनला आणि रात्री नऊला पंधरा-पंधरा मिनिटं दिवे बंद करून गप्प बसा आणि ऐकू येईल ते कागदावर लिहा. बहुतेक ठिकाणी पुढच्या गोष्टी सापडतात. पहाटे सुरू होणारा पंप: त्याची वेळ आठनंतर करा. न्हाणीघरातल्या दिव्याच्या बटणावरच जोडलेला एक्झॉस्ट पंखा: वायरमनकडून दोन बटणं वेगळी करून घ्या, काम तासाभराचं आहे. खिडकीखाली बसवलेलं दुसऱ्या खोलीच्या एसीचं बाहेरचं युनिट: हे हलत नसेल तर ती दुसरी खोली रिकामी ठेवा किंवा ही देऊ नका. छोटा फ्रिज: तो बंद करून रिकामा ठेवायची मुभा द्या. कुरकुरणारी बिजागरी: दोन थेंब तेल. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात हे बुकिंग कौलारू खोलीतच घ्या. पत्र्यावरचा पाऊस काहींना झोप आणतो आणि काहींना रात्रभर जागवतो.

दिव्यांकडे वेगळं पाहा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. बहुतेकांना ते दिसत नाही, काहींना जाणवतं आणि डोकं दुखतं. स्वस्त एलईडीसुद्धा लुकलुकतात. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून दिव्याकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकले किंवा उजेड धडधडताना दिसला, तर तो दिवा बदला. पिवळसर, २७०० केल्विनचा एलईडी आणि पलंगाशेजारी एक मंद दिवा असला की खोलीचं काम झालं. जाड, गडद पडदाही हवा, कारण पूर्वेकडच्या खिडकीतून सकाळी लवकरच ऊन आत येतं.

वासाच्या बाबतीत आपण नको तितके उत्साही असतो. फिनेल, डांबरगोळ्या, टॉयलेटमधल्या सुगंधी वड्या, उदबत्ती, मच्छरकॉइल हे सगळं एका छोट्या खोलीत एकत्र येतं. पाहुणे येण्याआधी दोन दिवस हे बंद करा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि फरशी नुसत्या पाण्याने पुसा. डासांसाठी मच्छरदाणी बरी. मात्र तिच्याखाली झोपायला त्याला चालतं का, हे विचारा. चादरी बिनवासाच्या पावडरीने धुऊन दोनदा खळबळा, स्टार्च नको. आवारात मासळी सुकत घातली असेल तर वाऱ्याची दिशा पाहून ती खोलीपासून लांब न्या.

आणि लाईट जाणार. हे गृहीत धरा आणि आधी सांगून ठेवा. पंखा थांबतो, जनरेटर भसकन सुरू होतो, लाईट आल्यावर एसी टूं करतो: तीन धक्के लागोपाठ. त्या खोलीचा एक पंखा आणि एक दिवा इन्व्हर्टरवर असेल तर पहिला धक्का तरी टळतो.

मुलगा घरी पाच-सहाच पदार्थ खातो. कोकणात गेलं की यजमान प्रेमाने आग्रह करतात, त्याने ताट लोटलं की नाराज होतात. आम्हालाच अपराधी वाटतं. काय सांगावं? — चिपळूण

निघण्यापूर्वी त्याच्या घरच्या ताटाचा फोटो यजमानांना पाठवा. हजार शब्दांत सांगून कळत नाही ते त्यात दिसतं: भात कुठे, वरण कुठे, दोन्ही एकमेकांना लागलेलं नाही, वर कोथिंबीर नाही. खाली तीन ओळी लिहा: काय खातो, कसं वाढायचं, किती वाजता. ‘त्याला आवडत नाही’ असं लिहू नका, आवड बदलता येते असं माणसांना वाटतं. ‘त्याला खाता येत नाही’ असं लिहा.

यजमानांसाठी काही बारीक गोष्टी. दक्षिण कोकणात रोजचा भात उकड्या तांदळाचा असतो. त्याचा दाणा जाड, रंग तांबूस, वास वेगळा. कोलमवर वाढलेलं मूल त्याला भात म्हणून ओळखणारच नाही. दोन किलो कोलम वेगळा आणून ठेवला की चार दिवस निभतात. वरणाला फोडणी आहे की नाही, हिंग आहे की नाही, गूळ पडतो का, हे विचारा. खोबरेल तेलात तळलेलं ज्याला चालत नाही, त्याच्यासाठी शेंगतेलाची वेगळी कढई लागते, कारण आधीच्या तेलाचा वास कढईत राहतो. माशाच्या तव्यावर घावन घातलंत तर तेही परत येईल. कप्प्यांची स्टीलची थाळी द्या आणि चारही दिवस तीच द्या.

जेवणाची वेळ इतर पाहुण्यांच्या अर्धा-पाऊण तास आधी ठेवा. शेजारच्या पानातल्या तळलेल्या सुरमईचा वास, भांड्यांचा खणखणाट आणि दहा जणांचं बोलणं एकदम आलं की भूक मरते. खोलीत ताट मागितलं तर द्या. ‘एक घास माझ्यासाठी’ म्हणू नका. भातात लपवून भाजी तर मुळीच देऊ नका: त्याला ती सापडते आणि मग तो भातही सोडतो. चार दिवस तेच ते खाल्ल्याने काही बिघडत नाही. मुक्काम ही नव्या चवी शिकवण्याची जागा नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष पाण्याकडे होतं. विहिरीच्या पाण्याची चव शहरातल्या नळाच्या पाण्याहून निराळी असते, पावसाळ्यात त्यात ब्लीचिंग पावडरचाही वास येतो. मूल पाणी पिणं बंद करतं, उन्हात खेळतं आणि दुसऱ्या दिवशी मलूल होतं. घरी पितो त्याच बाटलीत, निदान पहिल्या दिवसापुरतं घरचं पाणी न्या आणि पुढे एकाच ब्रँडचं बाटलीबंद पाणी ठेवा. लघवी गडद पिवळी दिसली किंवा सहा-सात तास झालीच नाही, तर फिरणं थांबवून आधी त्याच्याकडे बघा.

वाडीत उघडी विहीर आहे आणि समुद्र दोनशे पावलांवर. अशा मुलांना पाण्याची ओढ असते असं ऐकलं. बुकिंग घ्यावं की नाही म्हणून मनात भीती आहे. — दिवेआगर

भीती रास्त आहे, पण त्यासाठी बुकिंग नाकारू नका. आवार बंदिस्त करा, ते सगळ्याच लहान मुलांच्या उपयोगाचं आहे. अनेक ऑटिस्टिक मुलं कोणालाही न सांगता निघून जातात. कधी आवाजापासून पळण्यासाठी, कधी आवडत्या गोष्टीकडे जाण्यासाठी, आणि ती आवडती गोष्ट बऱ्याचदा पाणी असते. धोक्याची जाणीव असेलच असं नाही. अशा निघून जाण्यात सर्वांत मोठा धोका बुडण्याचा असतो, त्यामुळे या उत्तरातलं काहीही ‘नंतर बघू’वर टाकू नका.

विहिरीचा कठडा कमरेएवढा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शेजारची दगडी डोण, कपडे धुवायचा दगड, उलटी ठेवलेली बादली, यावर पाय देऊन मूल सहज वर चढतं. हलवता येईल ते कठड्यापासून दूर करा. तोंडावर लोखंडी जाळी बसवा, पोहऱ्यापुरतं झाकण ठेवा आणि त्याला कुलूप लावा. खाऱ्या वाऱ्याने जाळीचे सांधे आधी गंजतात. दर वर्षी पावसाळा संपल्यावर जाळीवर वजन टाकून तपासा आणि रंग द्या. सेप्टिक टँकची झाकणं, पाण्याच्या टाक्या, मागच्या बाजूची खाडीकडे उतरणारी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), यांचीही एकदा फेरी मारा.

खोलीच्या दाराला आतून, साडेपाच फुटांवर एक जादा कडी लावा. दार उघडताच वाजणारा, सेलवर चालणारा मॅग्नेटिक अलार्म काही शे रुपयांत मिळतो. त्याचा आवाज मुलाला सोसतो का, हे पालकांना विचारून मगच तो लावा. नाहीतर दाराला छोटी घंटा बांधा. बाहेरून कुलूप कधीही लावायचं नाही, आग लागली तर सुटका नाही. न्हाणीघराला आतून बंद होणारी लॅच असेल तर तिची दुसरी किल्ली तुमच्या कमरेला हवी.

समुद्रावर जाताना भरती-ओहोटीची वेळ पालकांना लिहून द्या. आपल्या किनाऱ्यावर कोळी मंडळी तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला सुमारे तीनला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. ओहोटीला वाळू रुंद उघडी पडते, त्यामुळे मूल धावलं तरी त्याला गाठायला वेळ मिळतो. पण ओसरतं पाणी आत खेचतं. पाय भिजवायचेच असतील तर ओहोटी संपून पाणी वळल्यानंतर, गुडघ्याच्या खाली, मोठ्याचा हात धरून. आणखी एक: भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल पाचला पायरीशी असलेलं पाणी आज पाचला तिथे नसेल, आणि ‘समुद्र हरवला’ म्हणून मूल कळवळून रडू शकतं. आदल्या रात्री कागदावर दोन चित्रं काढून हे दाखवलं तर बरंच सोपं जातं.

कपडे नारिंगी किंवा पोपटी घाला. निळा शर्ट पाण्यात दिसत नाही. खिशात किंवा हातावर पालकांचा फोन नंबर लिहिलेला असू द्या. बोटीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट आधी खोलीत घालून बघू द्या: काहींना त्याचा आवळपणा आवडतो, काही क्षणभर ठेवत नाहीत. जो ते ठेवत नाही त्याला बोटीत बसवायचं नाही, एवढं पक्कं.

मूल दिसेनासं झालं तर घर-अंगण शोधत बसू नका. पहिला माणूस विहिरीकडे, दुसरा समुद्राकडे, तिसरा रस्त्याकडे, आणि त्याच वेळी ११२ ला फोन. नुसत्या हाका मारून भागत नाही. अनेक मुलं हाकेला ओ देत नाहीत, आणि आरडाओरडा ऐकून आणखी लांब जाऊन लपतात. रोज सकाळी त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवायची सवय पालकांनी लावून घ्यावी. तसा फोटो हातात असला की गावातली माणसं लगेच कामाला लागतात.

मी ऑटिस्टिक आहे, वय ३४, नोकरी करतो, एकटा फिरतो. बोलतो नीट म्हणून कोणाला कळत नाही. घरगुती निवासात गप्पांनी मी थकतो, हॉटेलच्या लॉबीत गोंगाटाने. सांगावं की न सांगावं? — ठाणे

निदान सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. गरज सांगा. बुकिंगच्या वेळी हा संदेश जसाच्या तसा पाठवता येईल: ‘मला शांत खोली हवी. जेवण खोलीत घेईन. काही सांगायचं असेल तर फोन न करता मेसेज करा. खोलीची सफाई फक्त ११ वाजता.’ पुढे विचारून घ्या: दारात कोण भेटेल, जेवणाचं टेबल एकत्र आहे का, कुत्रा आहे का, रेंज येते का, शेवटच्या बिलात आणखी काय लागेल. उत्तर लेखी मिळालं की निम्मा ताण उतरतो. उत्तरच नीट आलं नाही, तर ती जागा सोडा. आधी लिहून न देणारे तिथे गेल्यावरही नीट सांगणार नाहीत.

हे वाचणाऱ्या निवासचालकांनी लक्षात घ्यावं, की असा पाहुणा तुमच्याशी पाच मिनिटं हसून बोलतो, त्यासाठी त्याला नंतर तासभर पडून राहावं लागत असेल. ‘एकटेच आलात? लग्न झालं नाही का? गप्प का?’ हे विचारू नका. तो नजरेला नजर देत नसेल तर त्यात उद्धटपणा नाही. ‘जरा वेळात जेवण’, ‘आत्ता येतो’, ‘बघू संध्याकाळी’ हे आपलं कोकणातलं नेहमीचं बोलणं त्याला अधांतरी ठेवतं. ‘८ वाजून १० मिनिटांनी ताट दाराबाहेर ठेवतो’ असं म्हणा, आणि उशीर होणार असेल तर ८ ला मेसेज करा. तो आधी कळवलेला उशीर सहज सोसतो.

खोली झाडताना वस्तू हलवू नका. जमिनीवर शिंपल्यांची सरळ रांग लावलेली दिसली, मोठे इकडे लहान तिकडे, तर तो कचरा नाही. मग पाहुणा नऊ वर्षांचा असो की चौतीसचा. झाडू रांगेच्या दोन्ही बाजूंनी फिरवा. घरून आणलेला उशीचा अभ्रा मळका वाटला तरी धुवायला नेऊ नका, त्याला घरचा वास आहे म्हणून तर तो आणलाय.

जेवणाच्या हॉलमध्ये एका मुलाचा तोल सुटला, किंचाळला, स्वतःला चावला. सगळे जमले, कोणी दृष्ट काढा म्हणालं. आम्ही गांगरलो. — हर्णै

हा हट्ट नव्हता. हट्टात मूल आपल्याकडे कोण बघतंय यावर लक्ष ठेवतं आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबतं. इथे सहन करण्याची मर्यादाच संपलेली असते आणि कोणतीही वस्तू देऊन ते थांबत नाही. वीस मिनिटं लागतील, कधी तासाहून जास्त.

पहिलं काम पालकांचं नाही, तुमचं: गर्दी हटवणं. इतर पाहुण्यांना ‘एका पाहुण्याला थोडी शांतता हवी आहे, आपलं ताट पडवीत आणून देतो’ एवढंच सांगा. ऑटिझमचं नाव तुम्ही घ्यायचं नाही. टीव्ही, मिक्सर, जास्तीचे दिवे बंद. काचेचे पेले उचला. बोलायला फक्त आई किंवा वडील, तेही दोन-तीन शब्द. हात लावायचा नाही, दोन हातांचं अंतर. तो डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवा, हात धरून ठेवू नका. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. नंतर ‘काय झालं होतं रे?’ विचारू नका. पाणी ठेवा आणि बाजूला व्हा.

दृष्ट काढणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण निखाऱ्यावरच्या मिरच्या-मोहरीचा खकाणा आधीच वासाने बेजार झालेल्या मुलाच्या नाकात जातो. ते टाळा.

काही ऑटिस्टिक व्यक्तींना फिट्सही येतात. तसं झालं तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, कांदा-चप्पल हुंगवणं नको, शुद्ध येईपर्यंत पाणी नको. पाच मिनिटांत थांबली नाही, लगोलग दुसरी आली किंवा पाण्यात असताना आली, तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. पहिल्यांदाच आलेली असेल तरी बोलवाच.

दारात ‘ऑटिझम फ्रेंडली’ बोर्ड लावावा का? जादा दर घ्यावा का? अपंगत्वाचं कार्ड बघावं का? — मालवण

तिन्हींना नाही. बोर्ड पाहून आलेल्या पाहुण्याला पंप पहाटे पाचलाच वाजताना मिळाला तर तो बोर्ड फसवणूक ठरतो. त्याऐवजी तुमच्या पानावर खरी माहिती लिहा: कोणती खोली शांत आहे, पंप किती वाजता लागतो, आरतीचा लाउडस्पीकर ऐकू येतो का, विहिरीला जाळी आहे का. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या मेसा शहराने २०१९ मध्ये हॉटेल आणि पर्यटन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन ऑटिझमबाबतचं प्रमाणपत्र मिळवलं. तिथेही आधी माणसं शिकली, मग पाटी लागली. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे, आणि दिव्यांगत्वावरून भेदभाव करायला तो कायदा मनाई करतो. शांत खोली मागणाऱ्याकडे आपण पुरावा मागत नाही, इथेही मागू नका.

मुलीला घेऊन रेल्वेने रत्नागिरीला जायचंय. कधी जावं? — कल्याण

दिवाळीची सुट्टी संपल्यावर किंवा जानेवारी-फेब्रुवारीत, सोमवार ते गुरुवार. गणपती, शिमगा, मे महिना आणि नाताळ ते ३१ डिसेंबर टाळा: ढोल, फटाके आणि गर्दी तिन्ही एकत्र येतात. कोकण रेल्वेवर बोगदे लागोपाठ आहेत, आणि रत्नागिरीच्या थोडं आधी लागणारा कारबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. अंधार आणि घुमणारा आवाज कित्येक मिनिटं राहतो. चिपळूण सुटलं की कानावरचे इअरमफ आणि आवडीची वस्तू हातात द्या, ‘आता लांब बोगदा, मग उजेड’ असं सांगा. उघडणारी खिडकी असलेल्या डब्यात असाल तर ती आधीच खाली ओढा. टॅबवर ‘जेलो’ किंवा ‘आवाज’सारख्या, चित्रं दाबून बोलायच्या ॲपमधून ती बोलत असेल, तर त्यातली महत्त्वाची आठ-दहा चित्रं कागदावर छापून लॅमिनेट करून न्या. वाळू आणि खारं पाणी लागलं की टॅब बंद पडतो, आणि मग तिचं बोलणंच थांबतं.

पडवीत जुना सागवानी झोपाळा आहे. अशी मुलं तासन्‌तास झुलतात, काही होईल म्हणून तो उतरवून ठेवावा का? — गुहागर

उतरवू नका. लयीत झुलण्याने अनेकांचं शरीर स्थिरावतं. जेवणाआधी वीस मिनिटं झोका मिळाला तर पुढे पानावर बसणंही सोपं जातं. तास झाला म्हणून ‘आता पुरे’ म्हणू नका, तोच थांबेल. थांबवायचंच असेल तर ‘आणखी दहा झोके’ असं मोजून थांबवा. तुम्ही बघायचं ते वर: वाशाला किंवा तुळईला मारलेले हूक आणि कड्या. खाऱ्या हवेत त्या बाहेरून धड दिसतात आणि दुसऱ्या कडीत घासणारी आतली बाजू झिजून अर्धी झालेली असते. कड्या सैल करून आतली बाजू बोटाने चाचपा, खाच लागली की ती कडी बदला. दोन धडधाकट माणसं एकदम बसवून जोरात झोका द्या. करकर आली तर ग्रीस लावा, कारण तीच करकर त्याला झोक्यावरून उठवेल. झोपाळा मागे जातो त्या बाजूला भिंतीपर्यंत निदान तीन फूट मोकळे ठेवा, आणि खाली फरशी असेल तर जाड सतरंजी किंवा काथ्याची चटई अंथरा.